सिंहासनावरची पुतळी वस्त्र नेसते, घालते की लेते?

सुईदोरा:
सिंहासनबत्तिशीवर एक एकांकिका बसते आहे आणि वेशभूषा माझ्याकडे आली आहे. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेलच. भोजराजाला टेकाडाखाली विक्रमादित्याचं सिंहासन सापडतं. तो पायरीवर पाऊल ठेवणार इतक्यात तिथली पुतळी बोलायला लागते, विक्रमाचं औदार्य सांगते आणि विचारते, एवढं तुझ्यात असेल तर बस. बत्तीस पुतळ्या, बत्तीस गोष्टी. आमच्याकडे पुतळी एकच आहे, पण ती खाली उतरून माणसासारखी वावरते. दिग्दर्शकाला ती 'मध्ययुगीन' दिसायला हवी. चित्र काढून झालं, बाजूला शब्द लिहायला बसले आणि अडले. वर 'कंचुकी' लिहू की 'चोळी'? कमरेला 'मेखला' की सरळ 'कमरपट्टा'? गळ्यात पुतळीहार दाखवलाय, पुतळीच्या गळ्यात पुतळ्या म्हणून. आणि टिपणाच्या डोक्यावर 'मंतरलेली पुतळी' असं घातलंय, ते चालेल ना?

बोरूबहाद्दर:
मंतरलेली नको. मंत्र म्हणून वस्तूत काही उतरवलं की ती मंतरली: मंतरलेला दोरा, मंतरलेलं पाणी, मंतरलेल्या अक्षता. भारणं याच्याच शेजारचं, पण त्यात वश होण्याची छटा जास्त. भारलेला माणूस स्वतःच्या मनाचा राहत नाही. दोन्हींत मूळ वस्तू साधी असते आणि शक्ती बाहेरून येते.

तुमची पुतळी तशी नाही. संस्कृत सिंहासनद्वात्रिंशिकेच्या शेवटी पुतळ्या स्वतःची हकीकत सांगतात. त्या पार्वतीच्या सेवेतल्या, तिच्या शापाने पुतळ्या झालेल्या. भोजाला गोष्टी सांगून झाल्यावर सुटतात. म्हणजे इथे वस्तूचा माणूस झालेला नाही, जितीजागती बाई वस्तू होऊन बसली होती. तेव्हा शब्द 'शापित'.

हा नुसता शब्दाचा कीस नाही, ताई. वस्तूचा माणूस करायचा असेल तर अंगाला सोनेरी रंग, कपड्यावर नक्षीच्या रेघा, ताठ चाल हे सगळं ठीक. पण ही तर वस्त्र नेसलेली बाई होती. शाप लागला तेव्हा अंगावर जे होतं तेच दगड झालं. उतरताना दगडपण जायला हवं आणि कापड उरायला हवं. तुमच्या चित्रात उलट झालं असेल तर ते शब्दाआधी दुरुस्त करा.

अमरकोशी:
बोरूबहाद्दरांशी सहमत. आता शब्दांकडे वळतो.

'कंचुकी' लिहिण्याआधी थोडे थांबा. मराठी कवितेत आणि लावणीत कंचुकी म्हणजे चोळी हे खरे, पण संस्कृत नाटकात कंचुकी म्हणजे अंतःपुराची व्यवस्था पाहणारा म्हातारा अधिकारी. शाकुंतलातला वातायन तो हाच. नाटकाच्या कागदावर 'पुतळी: कंचुकी, लाल' असे वाचून कुणी पात्रच वाढवले तर हसू नका. शिवाय सापाच्या कातीलाही संस्कृतात कंचुक म्हणतात, आणि दगडाची कात टाकणाऱ्या बाईला तो अर्थ शोभतोही, पण ती चैन संवादात करा.

'चोळी' आजची वाटते म्हणून टाळू नका. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'चोलः कूर्पासकोऽस्त्रियाम्' असे आहे. कूर्पर म्हणजे कोपर. कोपरापर्यंत बाही येणारे अंगातले ते कूर्पासक. म्हणजे चोळी हा शब्द तुमच्या भोजापेक्षाही जुन्या घरातला. खाली नेसायच्या वस्त्राला अंतरीय, उपसंव्यान, परिधान आणि अंगावरून घ्यायच्याला प्रावार, उत्तरीय, संव्यान अशी ओळ तिथेच मिळते. यातले 'अंतरीय' आणि 'उत्तरीय' एवढे दोनच मराठी वाचकाला कळतील. बाकीचे कोशात सुखाने राहू द्या.

कमरेचे मात्र सगळे घ्या. अमर म्हणतो, 'स्त्रीकट्यां मेखला काञ्ची सप्तकी रशना तथा'. पुरुषाच्या कमरेला असेल तर त्याला शृंखल. टीकाकारांनी तर सर मोजून नावे वाटली आहेत: एक सर असेल तर कांची, आठ सरांची मेखला, सोळांची रशना, पंचवीस सरांचा कलाप. वेशभूषाकाराला याहून सोयीची ओळ संस्कृतात सापडायची नाही. चित्रात सर किती काढले आहेत ते मोजा, नाव आपोआप मिळेल.

सुईदोरा:
मोजले, आठ निघाले. ठरवून नव्हते हो काढले. म्हणजे मेखलाच.

कपडेपट:
मेखला लिहा, पण दुकानात तो शब्द घेऊन जाऊ नका. आंतरजालावर शोधलंत तर आसामची मेखला-चादर येईल, कमरेखालचं वस्त्र. भाड्याने कपडे देणाऱ्याकडे 'कमरपट्टा, आठ सरी, पितळी' असंच सांगावं लागतं. टिपणं दोन करा, एक दिग्दर्शकासाठी आणि एक शिंप्यासाठी. शिंप्याच्या कागदावर जर, काठ, अस्तर, नाडी, दाब, चुण्या हेच शब्द. तिथे 'सुवर्णतंतुयुक्त प्रांत' लिहिलंत तर कापड वाया गेलंच समजा.

आणि बोरूबहाद्दर, तुमचं तत्त्व पटलं, पण पडदा उघडल्यावर ती पुतळी आहे हे मागच्या रांगेला पटकन दिसायला नको का? दगडपण आधी दिसल्याशिवाय गेलेलं कसं कळणार? मी असं करीन: पुतळी सिंहासनाला चिकटलेली, म्हणजे उठावातलं शिल्प. शिल्पी मागची बाजू कोरत नाही. म्हणून कपड्याची पुढची बाजू भरगच्च, पाठ सपाट, विनानक्षीची, दगडाच्याच रंगाची. ती उतरून प्रेक्षकांकडे पाठ करते तेव्हा लोकांना कळतं की हिला पाठच दिलेली नव्हती. सोनेरी रंग फासायची गरजच नाही.

बोरूबहाद्दर:
पण माझ्या म्हणण्याप्रमाणे तिला शापाआधी पाठ होती! वस्त्रही मागेपुढे सारखंच असणार.

कपडेपट:
ते शेवटच्या प्रवेशात. सुटका झाली की पदर मागे टाका, पाठ झाकली. शाप संपला.

बोरूबहाद्दर:
हे बाकी आवडलं. माझी हरकत मागे घेत नाही, पण नाटक बघायला येईन.

नाणेघाट:
पुतळीहाराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. दागिन्यातली 'पुतळी' म्हणजे आकृती असलेलं सोन्याचं गोल नाणं. व्हेनिसच्या डुकाटवर उभी माणसं होती, ती नाणी व्यापारात इकडे आली, त्यांच्या नकला पडल्या आणि आपल्या लोकांनी त्यांना पुतळ्या म्हटलं. पुतळ्यांची माळ तीच. व्हेनिसमध्ये सोन्याचा डुकाट पहिल्यांदा पाडला गेला १२८४ मध्ये. भोज माळव्याचा राजा, अकराव्या शतकातला. विक्रमाचं सिंहासन तर त्याच्याही आधीचं, शिवाय पुराणकथेतलं. शब्दाची मजा कळली, पण माळ काढा. एकावळी घाला, मोत्यांचा एकच सर. तो कुठल्याही शतकात खपतो.

'मध्ययुगीन' या शब्दाबद्दलही एक. युरोपात तो साधारण पाचव्या ते पंधराव्या शतकापर्यंत चालतो, आपल्याकडे अनेक लेखक तो पार मराठेशाहीपर्यंत ताणतात. नुसतं 'मध्ययुगीन' लिहिलं की कुणी जामा-पायजमा शिवतं, कुणी नऊवारी आणि नथ, कुणी इंग्रजी परीकथेतली पुढून नाडीने आवळलेली चोळी. (त्यातली कडक, हाडं घातलेली तर सोळाव्या शतकानंतरची, युरोपच्या मध्ययुगातलीसुद्धा नाही.) कागदावर 'अकरावे शतक, माळवा' लिहा.

थेम्सकाठ:
अकरावं शतक आणि माळवा म्हणालात म्हणून सांगते. ब्रिटिश म्युझियममध्ये धारहून आलेली अंबिकेची पांढऱ्या संगमरवराची मूर्ती आहे. तिच्यावरचा लेख १०३४ सालचा आहे आणि त्यात भोजाचं नाव आहे. बरीच वर्षं लोक तिला सरस्वती म्हणत. लेखाच्या वाचनावरून ती जैन अंबिका ठरली. म्हणजे तुमच्याच राजाच्या काळातली, त्याच्याच गावची एक 'पुतळी', सालासकट. पुस्तकांतल्या रेखाचित्रांपेक्षा तिचे फोटो समोर ठेवा. दागिना ठसठशीत कोरलाय आणि कापड जवळजवळ दिसतच नाही, अंगाला इतकं बिलगलेलं. त्या काळच्या शिल्पांत कापड ओळखायचं ते काठावरून आणि चुण्यांवरून. खांद्यावरून पदर घेतलेली आजची साडी शोधाल तर निराश व्हाल.

महाराष्ट्रात कुणाला जवळ पडत असेल तर अंबरनाथचं देऊळ १०६० चं आहे. तिथल्या बायका पाहाच, जवळपास त्याच पिढीतल्या.

सुईदोरा:
सगळ्यांचे आभार, पुतळीहार काढला. रंगाचं काय करू? एका संस्कृत पाठात सिंहासन चंद्रकांत मण्यांचं आहे असं वाचलं. म्हणून दुधी पांढरा धरला होता. मैत्रीण म्हणाली मग चंद्रकळाच नेसव.

कपडेपट:
चंद्रकळा काळी असते हो! संक्रांतीला नेसतात ती.

अमरकोशी:
चंद्रकांत आणि चंद्रकळा यांत चंद्र तेवढा समान. पांढरा धरलात तर कडेला रंग हवा, नाहीतर दिव्याखाली ती भुतासारखी दिसेल. रंगांची नावे हवी असतील तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा 'मानसोल्लास' पाहा. भोजानंतर साधारण शंभर वर्षांनी, ११३० च्या आसपासचा. त्यात राजाच्या वस्त्रांवर वेगळे प्रकरण आहे. अणहिलपट्टण, नागपट्टण, सिंहल, महाचीन अशा ठिकाणांहून आलेले कापड सांगितले आहे. मंजिष्ठा, लाख, कुसुंबा, हळद, नीळ हे रंग. यातला 'कुसुंबी' मराठीत अजून जिवंत आहे, लोकगीतात सापडतो. दुधी अंतरीयाला कुसुंबी काठ, बघा जमते का.

आणि भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधारा'त यंत्रविधानाचा अध्याय आहे. त्यात दिव्यात तेल घालणाऱ्या, नाचणाऱ्या यांत्रिक बाहुल्यांचे वर्णन येते. म्हणजे बोलणारी पुतळी ज्याला भेटते त्या राजाच्याच पुस्तकात हलणाऱ्या पुतळ्या आहेत. दिग्दर्शकाला हे सांगा, पण तिला यंत्र करू नका. ती शापित आहे हे वर ठरलेच आहे.

सुईदोरा:
एक शेवटचं राहिलं. संहितेत तिचं वाक्य आहे, 'राजा, हे वस्त्र मी युगानुयुगे घालून उभी आहे.' मला 'घालून' खटकतंय. 'नेसून' करू?

कपडेपट:
'घालून' नक्कीच नको. जे शिवलेलं, ज्याला स्वतःचा आकार आहे, ते आपण घालतो: चोळी, सदरा, टोपी. एकसलग कापड अंगाभोवती फिरवून आकार द्यायचा असेल तर नेसतो: साडी, धोतर, सोवळं. शाल पांघरतो, पदर घेतो, फेटा बांधतो, बांगड्या भरतो, गजरा माळतो. परवा कपडेपटात एक मुलगी म्हणाली, 'मी शिवलेली नऊवारी घातली.' मी चूक काढली नाही. शिवलेली असेल तर घातलीच ना! नाव नऊवारीचं असलं तरी क्रियापद खरं बोलतं.

तेव्हा चित्रातल्या प्रत्येक वस्तूपुढे आधी क्रियापद लिहून बघा. चोळी घालते, अंतरीय नेसते, उत्तरीय घेते, मेखला बांधते, एकावळी घालते. जिथे क्रियापद अडेल तिथे कपडा अजून ठरलेला नाही असं समजा. माझे घोळ बहुधा असेच निघतात.

बोरूबहाद्दर:
वाक्याला 'नेसून' व्याकरणाने बरोबर, पण नेसणं ही स्वतः करायची क्रिया आहे. हिच्या अंगावरचं तर शापाने दगड केलं आणि युगानुयुगे ती त्यातून हललेली नाही. मला 'लेणे' हवं. 'हे वस्त्र मी युगानुयुगे लेऊन उभी आहे.' लेणं दागिन्याचं, जुन्या भाषेत वस्त्राचंही. आणि कोरलेल्या गुहेलाही आपण लेणंच म्हणतो. ते लेणं संस्कृत 'लयन'चं, नाशिकच्या शिलालेखांत 'लेण' असं दिसतं. उच्चार एकच, त्यामुळे कोरीव बाईच्या तोंडी दोन्ही अर्थ एकदम वाजतील.

अमरकोशी:
'लेऊन' उत्तम. नटीने 'लेवून' म्हटले तरी हरकत नाही, दोन्ही रूपे चालतात. फक्त तिला सांगा की शब्द गिळू नकोस, 'घेऊन' ऐकू येईल.

सुईदोरा:
सुटका झाल्यावर मात्र तिच्याकडून 'नेसते' म्हणवून घेते. तोपर्यंत लेऊन. दिग्दर्शकाला विचारलं, हो म्हणाले. मेखला आठ सरीच ठेवू ना? कुणीतरी कलाप सुचवतंय, पंचवीस सर जास्त भव्य दिसतील म्हणून.

कपडेपट:
आठच. पंचवीस पितळी सर चालताना इतके वाजतात की तिचं एकही वाक्य ऐकू येणार नाही. आठांनाही आतून मलमलची पट्टी लावा आणि टाके जवळजवळ घाला.