आजीच्या ट्रंकेतला सरदार : गालाचा रंग निघाला, आता काय करू?

गोदाकाठ
नमस्कार. आम्ही जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागे राहतो. आजीच्या ट्रंकेत तळहातावर मावेल एवढं अंडाकृती चित्र आहे. पितळी चौकट, वर काच. पगडीला तुरा, गळ्यात मोत्यांचे पदर, कमरेला तलवार. आजी म्हणायची, हे पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर. दसऱ्याला शस्त्रांशेजारी यांचीही पूजा व्हायची. परवा काच धुरकटली म्हणून काढली आणि ओला कापूस चेहऱ्यावरून एकदाच फिरवला. डाव्या गालाचा गुलाबी रंग कापसावर आला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. विकायचं अजिबात नाही. आहे ते टिकावं, आणि हे खरंच नारोशंकर का ते कळावं, एवढंच.

भिंगवाला
ताई, आता त्याला पाणी लावू नका. उजेडासमोर धरा. किंचित आरपार दिसलं, बारीक समांतर रेघा दिसल्या, तर हस्तिदंत. कागद रंग पिऊन घेतो, हस्तिदंत पीत नाही. डिंकात कालवलेला जलरंग नुसता वर बसतो, ओल लागली की उठतो. गाल स्वतः रंगवू नका, फ्रेमवाल्याकडूनही नको. हस्तिदंत पावसाळ्यात फुगतो, एप्रिलच्या झळांत आकसतो. मागून पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलेला असला तर रेघांच्या दिशेने तडकतो. म्हणून बाहेरच्या भिंतीवर किंवा समईजवळ नको. सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. उजेडाने रंग उडतो तो वेगळाच.

मोसमकाठ
मी मालेगावचा, नारोशंकरांच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलो, म्हणून लिहितो. 1760 मध्ये सदाशिवराव भाऊसाहेबांनी दिल्ली त्यांच्या हवाली केली होती. नाशकातलं त्यांचं देऊळ आणि ती वसईची घंटा तुम्ही रोज बघत असाल. पण हस्तिदंतावर चित्रं काढायची रीत इकडे युरोपियनांनी आणली, आणि दिल्लीच्या चितार्‍यांकडे ती भरभराटीला आली 19 व्या शतकात. समोर बसवून काढलेलं हे चित्र नसावं. जुन्या चित्रावरून केलेली नक्कल असेल, किंवा सरदारच दुसरा असेल. आजीची आठवण खोटी नाही हो, घरानं ज्याला नारोशंकर मानलं तो हा. सरकारवाड्यात पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे, तुमच्या घरापासून चार पावलांवर. एकदा दाखवाच. आणि कुणी विकत मागितलं तर सरळ नाही म्हणा, हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे.

गोदाकाठ
दोघांचे मनापासून आभार. आत्ता खिडकीशी धरून पाहिलं, रेघा आहेत. भिंगातून दाढी पाहिली. ती केसांच्या रेघांची नाही, ठिपक्यांची आहे, मोजता येणार नाहीत इतके ठिपके. सोमवारी सरकारवाड्यात जाते. आणखी एक. कपाळावरचा तांबडा टिळा मी लहानपणापासून चित्रातला समजत होते. काच काढल्यावर कपाळ मोकळं निघालं. टिळा काचेवर आहे, आजीच्या बोटाचं कुंकू. ती काच मी पुसलेली नाही.