निम्मे, एकतृतीयांश, दोनपंचमांश: दर पाठ झाले, पण शेतकऱ्याला बरा कोण?

सिन्नरचा पोरगा

नमस्कार. राज्यसेवेची तयारी करतोय, नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या अभ्यासिकेत बसतो. गाव सिन्नर तालुक्यात. घरी साडेतीन एकर, विहीर आहे, पण मार्चनंतर तिचा तळ दिसतो.

मध्ययुगातली सारापद्धती पाठ झाली आहे. अल्लाउद्दीन खिलजी: निम्मे उत्पन्न. अकबराचा तोडरमल: १० वर्षांच्या पिकाची आणि भावांची सरासरी, १५८०. मलिक अंबर: आधी धान्यात दोनपंचमांश, नंतर रोखीत एकतृतीयांश. शिवाजी महाराज: दोनपंचमांश.

परवा घरी गेलो होतो, हेच मोठ्याने म्हणत होतो. वडील गोठ्यात दावं वळत बसले होते. ते म्हणाले, "मग यातला शेतकऱ्याला बरा कोण रे?" मी म्हटलं, आकड्यावरून मलिक अंबर. त्यांना काही ते पटलं नाही. म्हणाले, "आकडा तर सगळेच सांगतात. शेतात कोण यायचं ते सांग." मला उत्तर देता आलं नाही. कुणी जाणकार नीट समजावून सांगेल का? परीक्षेपुरतं नको.

साखळी-शंकू (पंचवटी)

तुमच्या वडिलांनी नेमका प्रश्न विचारला आहे. मी भूकरमापक होतो, सगळी नोकरी बांधावर गेली. म्हणून तिथूनच सांगतो.

मी लागलो तेव्हा साखळी आणि शंकू (काटकोन बघायचं साधन) घेऊन मोजणी व्हायची. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ सारखे भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, आपला गुंठा. ओढून ओढून साखळीच्या कड्या उघडतात आणि ती नकळत लांबते. लांबलेल्या साखळीने मोजलं तर शेत कागदावर कमी भरतं. पहिल्याच वर्षी पेठकडे एका उतारावरच्या शेतात मी साखळी जमिनीवर टाकून ओढली. ती आडवी, समतल धरायची असते. उतारावर टाकली की लांबी जास्त येते. माझ्या वरिष्ठांनी ते पाहिलं आणि अख्खं शेत पुन्हा मोजायला लावलं. शेतकरी टोपी हातात धरून दिवसभर आमच्या मागे चालत होता. काय चुकलं हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याच्यापर्यंत शेवटी फक्त आकडाच पोचणार होता.

आता दराकडे या. महाराजांच्या वेळी त्यांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी ठरली. वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा, १२० बिघ्यांचा चावर. समजा ही काठी कुणी वीसात एक भाग आखूड केली. दर तोच, बिघ्याचं ठरलेलं पीकही तेच. पण १०० बिघ्यांचं शेत ११० बिघ्यांच्या वर जातं, आणि साराही तेवढाच वाढतो. हुकूमनाम्यात दोनपंचमांशच लिहिलेलं राहील. म्हणून काठीचं माप पक्कं करणं हा मला दराइतकाच मोठा निर्णय वाटतो.

मलिक अंबराचं मोठेपणही मला एकतृतीयांशात दिसत नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. १६०० साली अहमदनगर पडलं, तरी त्याने राज्य उभं ठेवलं. (आपला हा उत्तरेकडचा मुलूख आधी त्याचा प्रतिस्पर्धी राजू दखनी याच्याकडे होता, तो त्याने नंतर घेतला.) त्याने वसुलीचा मक्ता मोडला. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम आधी कबूल करायचा आणि मग रयतेकडून जमेल तेवढं ओरबाडायचा. अशा वेळी दर कागदावरच राहतो. मक्ता जाऊन जमिनीची प्रत बघून धारा ठरला, तेव्हा कुठे कुणब्याला पेरणीच्या आधी कळायला लागलं की आपल्याला किती द्यायचं आहे.

अल्लाउद्दीनचं निम्मं दिल्लीभोवतालच्या आणि दुआबातल्या, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातलं. देवगिरीवर त्याने १२९६ मध्ये स्वारी केली ती लुटीची, इथे त्याची मोजणी आली नव्हती. त्याला वर्षाला २३४ टंक्यांच्या (टंका म्हणजे तेव्हाचं नाणं) पगारावर मोठी फौज पोसायची होती. म्हणून बाजारातले भाव बांधले आणि धान्य सरकारी कोठारात ओढलं. मोजणी त्यानेही केली, शिवाय चराई आणि घरपट्टी वेगळी. गावच्या खोत-मुकादमांच्या सवलती काढल्या, पण त्यातून सुटलेलं रयतेच्या घरी गेलं नाही.

वडिलांना माझ्यातर्फे आणखी एक नाव सांगा: मुर्शिद कुली खान. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असतानाचा दिवाण. मुलूख ओसाड पडला होता, त्याने बैल-बियाण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज दिलं. आणि मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून साखळीचं टोक तो अनेकदा स्वतः हातात धरायचा. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस उन्हात शेतात उभा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो.

अंजनेरीची वाट

साखळीवाले काकांच्या म्हणण्याला जोड देते. मी त्र्यंबक रस्त्याला राहते. आपल्या अंजनेरीला भोगशक्ती नावाच्या राजाचे ताम्रपट सापडले आहेत, कलचुरी संवत ४६१ म्हणजे इ.स. ७१० च्या सुमाराचे. बदामीच्या चालुक्यांचा हा मांडलिक. उजाड झालेलं समगिरीपट्टण त्याने पुन्हा वसवलं आणि तिथल्या व्यापाऱ्यांना सवलती लिहून दिल्या. जकात माफ. निपुत्रिक मेला तर मालमत्ता सरकारजमा नाही. आणि राजाचे अधिकारी आले तर त्यांच्या मुक्कामाचा, शिध्याचा भार गावावर नाही.

ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सारा एक, आणि सारा घ्यायला येणाऱ्यांचं जेवणखाण, घोड्यांची वैरण हे वेगळं. ते कुठल्याच दरात धरलेलं नसतं. शेतात कोण यायचं असं वडील म्हणाले ना? आलेला माणूस जेवायचा कुणाकडे, हेही विचारायला हवं.

कांदा-द्राक्ष, निफाड

मला एक गोष्ट खटकते, साखळीवाले दादा. मलिक अंबराने धान्यातला वाटा रोखीवर आणला, ते तुम्ही भराभर ओलांडून गेलात. घरचा हिशेब मी ठेवते, म्हणून विचारते. धान्यात पाचातले दोन द्यायचे तर पीक बुडालं की सरकारचंही बुडतं. रोख ठरली की पीक माझं बुडतं, वरून बाजारभावही माझ्याच डोक्यावर. लासलगावला ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघणाऱ्याला विचारा, माल असणं आणि हातात पैसा असणं यात केवढं अंतर आहे. सगळ्या गावाला एकाच महिन्यात रोख भरायची असेल, तर सगळे एकदमच विकायला काढणार आणि भाव पडणार. मग ३३ टक्के हे ४० टक्क्यांपेक्षा हलके कसे?

साखळी-शंकू (पंचवटी)

ताई, तुमचं बरोबर आहे, ते माझ्याकडून सुटलं. याचं उत्तर महाराजांच्या १६७६ च्या पत्रात आहे. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं. त्यात स्पष्ट बजावलं आहे की ऐनजिनसाचा, म्हणजे मालाच्या रूपातला वसूल ऐनजिनसच घ्यायचा, रोखीचा हुकूम नाही. तो माल सरकारने साठवावा आणि हंगाम बघून चांगल्या भावात विकावा. म्हणजे भावाची जोखीम सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली. त्याच पत्रात आहे की माणूसबळ आहे पण बैल नाही, त्याला बैलासाठी पैसे द्या, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्या, आणि व्याज न लावता फक्त मुद्दल त्याच्या ताकदीप्रमाणे हळूहळू वसूल करा.

मुर्शिद कुलीकडेही बटाई, म्हणजे पिकाची वाटणी होती. सरकारला पावसावरच्या पिकाचा निम्मा वाटा, विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा एकतृतीयांश, ऊस-द्राक्षासारख्या पिकांना त्याहून कमी. पावसावरच्याला निम्मा हे मला आजही जड वाटतं. पण विहीर खणणाऱ्याचा वाटा त्याने मोठा ठेवला. खणायचा खर्च, मोटेचे बैल, दोन माणसं, हे सगळं त्याने धरलं. ऊस किंवा द्राक्ष लावणाऱ्याला थांबावं लागतं, तेही धरलं.

सिन्नरकर, वडिलांच्या सातबाऱ्यावर 'आकार' हा रकाना बघा. तिथले थोडेसे रुपये-पैसे इंग्रजांच्या प्रतबंदीतून, म्हणजे जमिनीची प्रत ठरवण्यातून उतरलेले आहेत. १८३६ साली इंदापूरला सुरू झालेल्या सर्व्हेचं हे वळण. शेजारी पोटखराबा असेल, पिकाला अयोग्य म्हणून सोडलेली जमीन.

सिन्नरचा पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी घरी जाऊन सगळं वाचून दाखवलं. विहिरीचा वाटा वेगळा धरला होता, हे ऐकून वडिलांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. आमची विहीर आजोबांनी तीन उन्हाळे खणली होती.

मग सातबारा घेऊन बांधावर गेलो. आकार सापडला, पोटखराबा चार गुंठे. वडील म्हणाले, हा ओघळाकडचा तुकडा. मी ३३ फुटांचं सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे माझी तेरा पावलं." चालून दाखवलं आणि मी मागून टेप धरला. सपाटीवर ३३ फुटांना दोन बोटं कमी भरली. ओघळाच्या उतारावर मात्र त्यांच्याच तेरा पावलांत फरक पडला. काका, उतारावर एकट्याने साखळी समतल कशी धरायची? वडिलांना पुढच्या रविवारी तो तुकडा पुन्हा मोजायचा आहे.