मालवणची जुनी होडी दूध संस्थेसाठी घ्यायची आहे, मालकीचे कागद कोणते बघू?

सचिव_शिरोळ

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात मी दूध संस्थेचा सचिव आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की आमच्याकडं फोनाफोनी सुरू होते. 43 ची धोका पातळी ओलांडली की दोन दिवसांत गावाचा रस्ता पाण्याखाली. पण म्हशीला पूर कळत नाही, ती दोन्ही वेळेला दूध देतेच. 2021 च्या पुरात आम्ही गुऱ्हाळाच्या काहिलीतून, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या कढईतून, कॅन पलीकडं नेले. एका खेपेला चार कॅन आणि दोन माणसं. मधल्या ओढ्यावर काहिल अशी गरगरा फिरली की बरोबरचा पोरगा त्यानंतर पाण्यात उतरला नाही.

म्हणून संचालक मंडळात ठरलं की जुनी होडी घ्यायची. मालवणला एक सापडली. वीस फुटी फायबर, मागं 9.9 हॉर्सपॉवरची मशीन, मिळून 1 लाख 35 हजार म्हणतोय. होडी बघून आलो, अंगानं चांगली आहे. घोळ कागदांचा आहे. त्यानं दाखवलं ते असं:

नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स, ती एका मयत माणसाच्या नावावर. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी, त्यात त्या मयताच्या थोरल्या मुलानं होडी या विक्रेत्याला विकली असं लिहिलंय. मशीनचं बिल नाही. "हडे सगळा असाच चालता, नाव कोण बघता" म्हणतो. 1 जूनच्या आत न्या, आज वीस हजार टोकन टाका, म्हणून रोज फोन.

माझी अडचण वेगळी आहे. ही खरेदी संस्थेच्या पैशातून. उद्या लेखापरीक्षक विचारणार, सचिव, होडी कुणाची? तेव्हा काय दाखवू? अशा नोटरीवर होडी संस्थेची होते का?

किनाऱ्यावरचा

मी मालवणचाच. आधी होडीच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, नंबर बघा आणि फोटो काढा. आयएनडी-एमएच असा नंबर असेल तर ती मासेमारीची नौका म्हणून नोंदलेली आहे. आता या नोंदणीचं काम रिअलक्राफ्ट या ऑनलाइन यंत्रणेतून चालतं. पर्यटकांना फिरवणारी असेल तर तिची नोंद बंदर खात्याकडं, म्हणजे मेरीटाइम बोर्डाकडं, आणि तिला सर्वेचं, म्हणजे तपासणीचं, प्रमाणपत्रही लागतं. दोन्ही रस्ते वेगळे, कार्यालयंही वेगळी. मासेमारीचा परवाना समुद्रापुरता असतो, तो तुमच्याबरोबर घाट चढून येणार नाही.

आणि घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. 1 जूनला मासेमारी बंद होते, पाऊस यायच्या आत होड्या वर ओढून शाकारायच्या असतात. ती मजुरी आणि जागेचं भाडं वाचवायला तो टोकन मागतोय. मे महिन्यात इथं असे फोन सगळ्यांनाच जातात.

तुळशीकाठचा

सचिवसाहेब, टोकन दिलं नसेल तर देऊ नका. मी दिलं होतं.

आमची मच्छीमार संस्था धरणात मासेमारी करते. 2017 ला मी जाळ्यांसाठी स्वतःच्या नावावर एक जुनी होडी घेतली, तीही कोकणातूनच. आयशरमध्ये घालून फोंडा घाटातून वर आणली तेव्हा शेपूट पाच फूट बाहेर, लाल फडकं बांधलेलं. गावात मिरवणुकीसारखी आली. नोटरी होती, विकणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती, दोन साक्षीदार होते. मला वाटलं, अजून काय पाहिजे?

चार महिन्यांनी एक माणूस धरणावर आला. हातात कागद. मशीनच्या ब्रॅकेटवर जी छोटी पट्टी असते तिच्यावरचा नंबर वाचला, कागदावरच्या नंबराशी जुळवला आणि म्हणाला, ही मशीन आमच्या पतसंस्थेकडं तारण आहे, तीन वर्षं हप्ता नाही. मी नोटरी दाखवली. तो हसला नाही, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "काका, ह्यात मशीनचा नंबर कुठाय?" खरंच नव्हता. "एक होडी मशीनसह" एवढंच लिहिलेलं. मशीन गेली. त्या वर्षी वल्ह्यावर काढलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की होडी घेताना तुम्ही तीन वस्तू घेता. लाकूड किंवा फायबरचं अंग एक, मशीन दुसरी आणि नोंदवहीतला नंबर तिसरा. तिघांचे मालक तीन निघू शकतात.

अंगासाठी टेप घेऊन जा. दाखल्यावर लांबी, रुंदी, खोली लिहिलेली असते, ती मोजून बघा. फायबरच्या होड्या एकाच साच्यातून डझनाने निघतात, त्यामुळं एकीचा कागद दुसरीला चिकटवणं सोपं. आमच्याच संस्थेत एकाची होडी कागदापेक्षा दीड फूट लांब निघाली, पाणी पिऊन वाढली म्हणायची! मशीनसाठी पट्टीवरचा नंबर स्वतः लिहून घ्या. पट्टी खरवडलेली असेल तर विषय संपला, घरी या. बिल नसेल तर ज्या दुकानातून घेतली त्याच्याकडून दुसरी प्रत मागा. आणि मशीन मत्स्य खात्याच्या अनुदानातून घेतलेली असेल तर त्या मंजुरीच्या आदेशाची प्रत बघा, विकायच्या अटी तिच्यात असतात.

नंबरासाठी मात्र झेरॉक्सवर जाऊ नका. मूळ दाखला मागा. मूळ दाखला नाही म्हणाला की समजायचं, तो कर्जापोटी कुठल्या तरी संस्थेच्या कपाटात आहे. मग नोंदणीच्या कार्यालयात जाऊन नोंदवहीत कर्जाचा बोजा आहे का ते विचारा. एक दिवस मोडतो, पण मोडू दे.

पेठेतला_पंटर

काहिलीला कागद लागत नाहीत बघा. विषय खल्लास.

बावड्याचा_वकील

पंटर, वल्ह्याच्या होडीचीसुद्धा नोंद स्थानिक संस्थेनं ठेवायची तरतूद 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात आहे. काहिलीचं मात्र मी कुठं वाचलं नाही.

सचिवांसाठी दोन-तीन गोष्टी. होडी ही जंगम वस्तू, त्यामुळं 1930 चा मालविक्री कायदा लागू. त्याच्या कलम 27 चा साधा अर्थ असा की ज्याच्याकडं जेवढी मालकी आहे तेवढीच तो पुढं देऊ शकतो. मयताच्या होडीवर सगळ्या वारसांचा हक्क. थोरल्या मुलानं एकट्यानं सही केली म्हणजे त्यानं फार तर स्वतःचा वाटा विकला. नोटरी फक्त सही कुणी केली एवढं बघतो, होडी कुणाची हे बघणं त्याचं काम नाही. लोक तो लाल शिक्का बघून निर्धास्त होतात, तिथंच फसतात.

तेव्हा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं (लग्न झालेल्या मुलीही) आणि त्यांची संमती घ्या. वाद दिसला तर वारस दाखला दिवाणी न्यायालयातून, तो आपल्याकडं 1827 च्या रेग्युलेशनखाली मिळतो. आधी नोंद वारसांच्या नावावर चढू दे, मग विक्रेत्याच्या, मग संस्थेच्या. हा क्रम विक्रेत्यानं पूर्ण करायचा, तुम्ही नाही.

संस्थेकडून: संचालक मंडळाचा ठराव, त्यात नोंदणी क्रमांक, मशीनचा क्रमांक आणि रक्कम. पैसे चेकनं किंवा बँकेतून, रोख एक रुपया नको. होडी संस्थेच्याच नावावर, चेअरमनच्या नाही. यंत्राची होडी नदीत चालवायची तर नोंदणी आणि सर्वे दोन्ही लागतात, माणसं किती बसवायची तेही सर्वेत ठरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला होडी उलटली ते आठवा. दुधाबरोबर माणसंही चढणारच, पुरात नाही कुणाला म्हणणार?

सचिव_शिरोळ

सगळ्यांचे आभार. परवा चेअरमनना घेऊन मालवणला जाऊन आलो, टेपसह. लांबी बरोबर निघाली. मशीनची पट्टीही शाबूत, नंबर लिहून घेतला.

बाकी सगळं तुम्ही म्हणालात तसंच. मयताला दोन मुलगे आणि दोन मुली. धाकटी कुडाळला असते, तिला फोन लावला तर म्हणाली, "होडी विकली? कधी?" मूळ दाखला एका संस्थेकडं आहे, कर्ज अजून फिटलेलं नाही. हे विक्रेत्यालाही माहीत नव्हतं असं तो म्हणतो. चेहरा बघून मला ते खरं वाटलं. बिचाऱ्यानं स्वतःच अशी नोटरी करून घेतली होती आणि तीच पुढं सरकवत होता.

टोकन दिलं नाही. सांगितलं, कर्ज फेडल्याचा दाखला आणि चारही वारसांच्या सह्या घेऊन नोंद तुमच्या नावावर करा, मग आम्ही ठराव करतो. काल फोन आला, 1 लाख 10 हजाराला देतो म्हणाला. मी म्हटलं, किंमत नको कमी करू, सह्या आण.

15 मेपर्यंत वाट बघणार. तोवर गुऱ्हाळवाल्याला सांगून ठेवलंय, काहिल भाड्यानं कुणाला देऊ नको.