तुरुंगात दादाची साखर रात्री बिघडते, काय करू?

देवगडची लेक:
दादा ५४ वर्षांचा, चार महिने जिल्ह्याच्या तुरुंगात कच्चा कैदी. मधुमेह अकरा वर्षं. घरी सकाळ-संध्याकाळ ३०/७० इन्सुलिन, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भाताची एकच मूद. आत चपाती, भात, डाळ, बटाटा. तिथे कोण त्याच्यासाठी बांगडा भाजणार! पण जेवण पाचला वाटतात, मग बराक बंद. सुई कधी जेवणाआधी, कधी जेवण होऊन तासाने. गेल्या आठवड्यात रात्री अडीचला घामाने भिजला, हात थरथरत होते. शेजारच्याने बिस्किटं चारली. आई म्हणते, गोड खाऊन साखर चढली. मी पाठवलेले पैसे कॅन्टीनच्या फरसाणात जातात, हेही खरंच.

सिस्टरबाई, मालवण (निवृत्त):
घाम आणि थरथर म्हणजे साखर उतरली असणार. घरी तो किती वाजता जेवायचा? नऊला ना? डोस त्या हिशेबाचा. ३०/७० मधला झटपट भाग जेवणावर खर्ची पडावा म्हणून सुई जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, उरलेला भाग रात्रभर साखर ओढत राहतो. पाचला जेवलेल्याच्या पोटात मध्यरात्री काय उरणार? डोस त्याने किंवा तुम्ही मनाने कमी करू नका. तुरुंगाच्या डॉक्टरांना जेवणाच्या आणि सुईच्या वेळा कागदावर लिहून द्या, डोस ते ठरवतील. पुन्हा असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा, मग चपाती. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

राजापूरवाला:
गे बाय, मी आत सात महिने काढलेत, मलाही साखर. संध्याकाळची एक चपाती कागदात बांधून ठेवायचो, साखरेची पुडी परवानगी घेऊन उशाला. बराकीतल्या दोघांना सांगून ठेवलेलं, हा घामाघूम झाला तर वॉर्डरला हाक मारा. फरसाणावरून त्याला बोलू नको. आत दिवस सरत नाही, माणूस चरतो.

वकील, कणकवली:
घरचा डबा हवा असेल तर डॉक्टरचा कागद जोडून कोर्टात अर्ज करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. आजारी माणसाच्या जामिनाची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे, पण नुसत्या मधुमेहावर भिस्त ठेवू नका. रात्रीचे प्रसंग तारखेनिशी लिहा, तेच कामाला येतं.

देवगडची लेक:
नऊलाच जेवायचा, सिस्टर. कधी साडेनऊ. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मंगळवारी मुलाकत आहे. जुनी फाइल सापडली, वर कालवणाचा डाग आहे, पण डोस वाचता येतो. झेरॉक्स चालेल का?

वकील, कणकवली:
झेरॉक्सच द्या. मूळ कागद घरीच राहू दे. आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.