ऑस्ट्रेलियाने खनिजं विकून नक्की काय कमावलं?

पिलबारा_पर्थ: 11 वर्षं पर्थला आहे, फिफो करतो, म्हणजे विमानाने ये-जा, दोन आठवडे लोखंडाच्या खाणीवर आणि एक आठवडा घरी, त्यामुळे माझी चूल या लाल मातीवरच पेटते हे आधीच सांगतो. पण पहाटे पाचला एअरपोर्टवर केशरी-पिवळ्या शर्टांची रांग लागलेली असते ना, तेव्हा दर वेळी मनात येतं की माती संपली की काय? दोन-अडीच किलोमीटर लांब मालगाडी पोर्ट हेडलंड बंदराला जाते, तिथून जहाज चीनला, आणि तिकडून गाडी, फ्रिज बनून माल परत आपल्याच दारात. 2017 ला टोयोटा आणि होल्डनचे इथले कारचे कारखाने बंद पडले, फोर्डचा त्याच्या आदल्या वर्षी. नॉर्वेने तेलाच्या नफ्यातून 78 टक्के कर घेतला आणि 1996 पासून देशाच्या बचतीच्या फंडात टाकत गेले. आपण 2012 ला मायनिंग टॅक्स आणला आणि 2014 ला रद्दपण केला. दागिने मोडून किराणा भरलाय आपण, दुसरं काही नाही.

सीमा_मेल्बर्न: नाही पटलं दादा. 1991 पासून थेट कोविडपर्यंत या देशात मंदी आली नाही, यात खाणींचा मोठा वाटा आहे. आणि फंड नाही असं कसं म्हणता, सुपर, म्हणजे निवृत्तीचा फंड, आहे की! 1992 पासून प्रत्येक मालकाला नोकरदाराच्या नावावर पैसे भरावे लागतात, आता पगाराच्या 12 टक्के, सगळे मिळून 4 ट्रिलियन डॉलरच्या वर जमलेत आणि ते लोकांच्या स्वतःच्या नावावर आहेत. कारचं म्हणाल तर 2011 ला खाणींच्या तेजीत आपला डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्याही वर गेला त्याचा फटका बसला हे मान्य, पण मार्केट लहान आणि आयात कर 57.5 वरून 5 टक्क्यांवर आणलेला, ते कारखाने टिकणं अवघडच होतं.

पिलबारा_पर्थ: सुपर पगारातून जातं हो ताई, खनिजातून नाही! ज्याला पगार जास्त त्याचं सुपर जास्त, ज्याला नोकरीच नाही त्याच्या वाट्याला या मातीतलं काय आलं?

ब्रिस्बेनचा_मिलिंद: लोखंड सोडा, गॅस बघा. आमच्या क्वीन्सलंडच्या ग्लॅडस्टोन बंदरातून 2015 च्या सुमारास एलएनजी, म्हणजे द्रवरूप गॅस, बाहेर जायला लागला आणि पूर्व किनाऱ्यावर गॅस महाग झाला, आपलाच गॅस आपल्याला जगाच्या भावाने. मी फाउंड्रीत आहे, भट्टीचं बिल आलं की मालक आधी ओव्हरटाइम बंद करतो. तुमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने 2006 लाच 15 टक्के गॅस राज्यासाठी राखून ठेवायचा नियम केला, म्हणजे करता येत होतं, इकडे तेव्हा कुणी केलं नाही.

सीमा_मेल्बर्न: गॅसबद्दल मिलिंद बरोबर आहे, तिथे चुकलंच. पण लोखंडाची रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याचा मोबदला, राज्याकडे जाते, फेडरल सरकारकडे नाही, नॉर्वेसारखा एकच गल्ला इथे नाही. आणि रॉयल्टीतून हॉस्पिटलं, शाळा चालतात, तो काय वाया गेलेला पैसा आहे का?

डिचोलीकर: मी गोव्यातून वाचतोय. आमच्याकडे 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा दारात ट्रक उभा आणि डोक्यावर त्याचा हप्ता, अशी घरं मी बघितलीत. सुप्रीम कोर्टाने 2014 ला खनिजविक्रीतले 10 टक्के कायमच्या फंडात टाकायला सांगितले, पण तोवर किती माती जहाजात चढून गेली होती. सीमाताई, हॉस्पिटल चालवा, पण थोडं बाजूला काढून चालवा. चालू असताना कुणाला घाई नसते, खाण बंद झाली की बाजूला काढायला काही उरतच नाही.