लिहिताना वाचक कधी आठवतो? कथाकारांचे अनुभव

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला 'का लिहिता?' असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. आतून येतं, राहवत नाही, वगैरे. 'मी वाचकासाठी लिहीत नाही' हेही ओघाने येतंच. आणि कथा छापून आली की तीच मंडळी 'वाचलीस का? कशी वाटली?' म्हणून मागे लागतात (मीही त्यातलीच). म्हणून प्रश्न जरा बदलून विचारते: लिहिताना वाचक तुम्हाला नेमका कधी आठवतो, आणि आठवला की कथेत काय बदलतं? कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा फडके-खांडेकर वाद इथे नको, तो पुष्कळ झालाय. प्रत्यक्ष लिहिताना काय घडतं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या खर्ड्यात मला कुणीही आठवत नाही, दुसऱ्या वाचनात आठवतो. एका कथेचं पहिलं वाक्य होतं, 'सुमतीला एकटेपणाची सवय झाली होती, तरी कधी कधी तो अंगावर येई.' मनातलं जसंच्या तसं उतरलं होतं, पण वाचणाऱ्याला करायला काही कामच उरलं नव्हतं. ते खोडून लिहिलं, 'सुमतीने दोन कप काढले, मग एक परत ठेवला.' गंमत म्हणजे वाचकासाठी केलेला हा बदल मला पहिल्या वाक्यापेक्षा जास्त माझा वाटतो.

*

मी रहस्यकथा लिहितो, तीही क्रमशः. त्यामुळे वाचक पहिल्या ओळीपासून मानगुटीवर बसलेला असतो. मागच्या कथेत एका वाचकाने चौथ्याच भागात खुनी बरोबर ओळखला आणि तसं कळवलं. खुनी बदलून टाकावा असा जबरदस्त मोह झाला. पण मग आधी पेरलेलं सगळं, ते थांबलेलं घड्याळ, डाव्या हाताने केलेली सही, खोटं पडलं असतं. एकाला ओळखता आलं याचा अर्थ दुवे सचोटीने पेरले होते. खुनी तोच ठेवला. त्या वाचकानेही शेवटपर्यंत वाचलं, कारण 'कोण' कळलं तरी 'का' कळलेलं नव्हतं.

स्वतःचं म्हणणं आणि वाचकाचं रंजन या भांडणात मला शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयल आठवतो. त्याला आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे खरं काम वाटायचं आणि होम्स त्यात आडवा येत होता, म्हणून १८९३ साली त्याने होम्सला मारून टाकलं. वाचक खवळले. १९०१ मध्ये त्याने होम्सची नवी कादंबरी क्रमशः सुरू केली, पण ती मृत्यूआधीची हकिकत म्हणून. १९०३ मध्ये मात्र होम्सला सरळ जिवंत करून परत आणलं. आता सांगा, त्या ऐतिहासिक कादंबऱ्या आपल्यापैकी किती जणांनी वाचल्यात? लेखक ज्याला मनापासून 'आपलं' म्हणतो तेच त्याचं उत्तम लेखन असेल, याची काही खात्री नाही.

*

पैशासाठी लिहिते. मालिकेचे संवाद. रोज एक भाग द्यायचा असतो, तेव्हा 'आतून येतंय का' हे बघायला सवड नसते. नायिकेने काय बोलायचं ते दहा जण ठरवतात. पण घरातल्या आत्याबाईंकडे कुणाचंच लक्ष नसतं, त्यामुळे माझं जे काही म्हणणं आहे ते सगळं आत्याबाई बोलतात. मध्यंतरी लोकांना आत्याबाई आवडायला लागल्या आणि त्यांच्या संवादांवरही बैठका सुरू झाल्या. आता शेजारच्या काकांना तयार करतेय.

*

मालिकावाल्या ताई, संकोच करू नका. तुमच्या कारणाला जुना आधार आहे. अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात काव्याची सहा प्रयोजनं सांगितली: यश, पैसा, व्यवहारज्ञान, अशुभाचं निवारण, तत्काळ मिळणारा परम आनंद आणि प्रियेने गोडीत समजवावं तसा उपदेश. पैसा दुसऱ्या क्रमांकावर आहे. 'मला व्यक्त व्हायचंय' हे सहांत कुठेच नाही. आज आपण जे कारण पहिलं सांगतो ते त्याला यादीत घालावंसंही वाटलं नाही, याचा मी वर्गात शिकवताना फार विचार करायचो.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'करमणूक'. आणि त्या करमणुकीत क्रमशः काय छापलं? 'पण लक्षात कोण घेतो', म्हणजे वैधव्य आणि केशवपनापर्यंत जाणारी यमूची कहाणी. पुढे काय होणार या उत्सुकतेने वाचक आठवड्यामागून आठवडे यमूच्या घरात गेला. तेच सगळं निबंधात लिहिलं असतं तर पटणाऱ्यांनीच वाचलं असतं. मी स्वतः मात्र निबंधच लिहितो. कथा दोनदा संपादकांकडून परत आल्या, 'उपदेश जास्त' असा शेरा घेऊन. प्रियेने समजवावं तसं काही जमलं नाही.

*

तुम्ही सगळ्यांनी वाचक गृहीतच धरलाय. माझी एक कथा आहे जी मी कुणालाच दाखवलेली नाही. भाऊ गेल्यानंतर लिहिली. त्यात तो जिवंत आहे आणि आम्ही दोघं सायकलवरून कडाकडा भांडतोय. ती रंजक नाही आणि मला ती तशी करायचीही नाही. भांडण पानंच्या पानं चालतं, कारण मला ते संपवायचं नव्हतं. एवढं कारण मला पुरतं.

लेखक काफ्काने आपली हस्तलिखितं जाळून टाक असं आपल्या मित्राला, माक्स ब्रोडला, सांगून ठेवलं होतं. काफ्का १९२४ मध्ये गेला, ब्रोडने काही जाळलं नाही आणि पुढच्याच वर्षी त्यातली 'द ट्रायल' ही कादंबरी छापली. यावर नवरा म्हणतो, ज्याला खरंच जाळायचं असतं तो काडेपेटी दुसऱ्याच्या हातात देत नाही. असेल. माझी कथाही मी जाळलेली नाही. शिवाय तिचं शुद्धलेखन दोन वेळा तपासून ठेवलंय. कुणासाठी, ते विचारू नका.

*

मी कथा बहिणीला मोठ्याने वाचून दाखवतो. तिला मत विचारत नाही, कारण ती 'छान आहे' एवढंच म्हणते. ती मोबाइल हातात घेते तिथे समासात पेन्सिलची रेघ मारतो. आतापर्यंतच्या रेघा पाहिल्या तर बहुतेक अशा जागी आहेत जिथे मी स्वतःच्या भाषेवर खूश होतो. एखादी उपमा जमली की तिला लागून आणखी दोन येतात, आणि तिसरीला मोबाइल.

पण प्रत्येक रेघ म्हणजे हुकूम नाही. एका कथेत मुलगा वडिलांच्या मागे त्यांची कागदपत्रं आवरतो, असा दोन पानांचा मजकूर होता. वीजबिलं, जुनी पत्रं, गहाण ठेवलेल्या अंगठीची पावती. तिथे तीन रेघा पडल्या. दीड पान काढलं, अर्धं ठेवलं. ते अर्धं तिला आजही कंटाळवाणं वाटतं, आणि आहेच ते कंटाळवाणं. मुलगा स्वतः कंटाळलाय म्हणून तर ती पावती नीट न बघता गठ्ठ्यात टाकतो. शेवटच्या प्रसंगात आईच्या बोटाकडे बघताना त्याला ती आठवते. तिथे बहिणीने मोबाइल उचलला नाही. 'मागचं पान परत वाच,' म्हणाली.