पट्टेरी डास युरोपात नेला कुणी?

राइनकाठचा: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'चिकुनगुनिया युरोपात आपल्याच लोकांनी नेला.' डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय. एडिस अल्बोपिक्टस, चिकुनगुनिया पसरवणारा तोच पट्टेरी डास, १९८५ला अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये सापडला. जपानहून आलेल्या जुन्या टायरांतून उतरला असं मानतात. १९९०ला इटलीत, तिथेही जुने टायर. टायरातल्या पाण्याला कुठला आलाय व्हिसा?

कट्ट्यावरचा: ती पोस्ट माझीच. २००७ साली इटलीतल्या रावेन्नाजवळ काय झालं ते सोयीस्करपणे गाळलंत. केरळहून पाहुणा आला, ताप घेऊन. दोनशेवर लोक सांधे धरून बसले.

राइनकाठचा: पाहुण्याने विषाणू नेला, कबूल. पण चावायला डास तिथे सतरा वर्षं बसलेलाच होता ना?

निफाडची सून: थंडीत डास टिकतात कसे पण? आमच्याकडे पारा उतरला की चिटपाखरू नसतं.

राइनकाठचा: डास मरतो हो, अंडी नाही मरत. दिवस लहान झाले की मादी अशी अंडी घालते की ती वसंतापर्यंत फुटतच नाहीत. इथे जर्मनीत, फ्रायबुर्गला बागेतल्या पिंपांच्या कडेला चिकटून हिवाळा काढतात. पालिका बीटीआयच्या, म्हणजे डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या, गोळ्या फुकट वाटते.

निफाडची सून: फुकट गोळ्या! आमच्या सोसायटीत वर्षातून दोनदा धुराची गाडी, तीही संध्याकाळी. हा डास दिवसा चावतो! सासूबाईंचे गुडघे चिकुनगुनियाने धरले, वर्ष झालं, मांडी घालता येत नाही. अध्यक्षांच्या दारात मात्र मनीप्लांटच्या सहा बाटल्या.

बी विंग: अध्यक्षांचं नाव घेण्याआधी स्वतःच्या फ्रीजमागचा ट्रे बघा.

निफाडची सून: तुम्ही अध्यक्षांचे कोण?

बी विंग: मीच अध्यक्ष.

निफाडची सून: मग सांगा, कुंड्यांखालच्या ताटल्या काढा म्हणून तीनदा अर्ज दिला, त्याचं काय झालं?

बी विंग: मीटिंगला कधी आलात?

कट्ट्यावरचा: अहो, युरोप राहिला बाजूला! बरं, टायरांचं मानतो. निम्मं.

राइनकाठचा: उपकार झाले. आता मीही एक कबूल करतो. जुलैत शेजारच्या आजीने माझ्याच पिंपात अळ्या दाखवल्या. झाकण नव्हतं.

कट्ट्यावरचा: म्हणजे भारतीयाच्याच पिंपात! मग मी वेगळं काय लिहिलं होतं?

राइनकाठचा: पिंप जर्मन आहे. घराबरोबर आलं.